दहापैकी चार

त्या सिनेमांचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की माझ्यातला शहाणा जागा होईल आणि पहिल्या भागात काय घडतं, दुसऱ्यात यान का बदलतं, हे तुम्हाला ऐकवत बसेल. तर एवढंच सांगतो, की नव्वदच्या दशकात अंतराळ मोहिमांचे ते इंग्रजी सिनेमे हिंदीत बोलायला लागून बारामतीच्या थेटरात आले आणि माझ्या वयाची पोरं येडी झाली. मी सगळ्यांत जास्त. मी सणसरहून एसटीनं बारामतीला कॉलेजला जायचो. सायन्सला होतो, त्यामुळं अंतराळ म्हणजे आपल्याच बांधापलीकडचं रान आहे अशी माझी समजूत होती.

सिनेमांच्या मागोमाग बाजारात वस्तू आल्या. दप्तरं, कंपास पेट्या, पाण्याच्या बाटल्या, च्युइंगममधले स्टिकर, दाबलं की लाल दिवा लागणारं प्लॅस्टिकचं यान. कॉलेजच्या रस्त्यावर एक स्टेशनरीचं दुकान होतं. तिथं नवा माल आला की मालक मला स्टूल द्यायचे, चहा सांगायचे आणि विचारायचे, "बघा हो, ह्यात खरं कुठलं?" मी शंभर पानी वही काढायचो. यानाला तीन पंख हवेत, इथं चार आहेत, दहापैकी तीन. यंत्रमानवाचा निळा चुकलाय, दहापैकी पाच. कंपास पेटीवर नायकाला मिशी काढली होती, तिला मी शून्य दिलं आणि आठवडाभर तो विनोद सांगत फिरलो. मुळात तो सगळाच माल कुठल्या तरी बोळात छापलेला होता, खरं त्यात काहीच नव्हतं. पण मालक मान डोलवायचे, पोरं ऐकायची आणि मला चढायची.

आईनं इंदापूरच्या बाजारातून धाकट्या बहिणीला तसलंच एक दप्तर आणलं होतं. मी ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणालो, "दोन." पुढं वर्षभर बहीण ते दप्तर चित्राची बाजू अंगाकडं धरून शाळेत न्यायची. मला ते दिसत होतं. मला वाटायचं, चला, हिला तरी कळायला लागलं.

माझ्या सगळ्या अधिकाराचं मूळ एका कॅसेटमध्ये होतं. पुण्याच्या आतेभावानं त्या सिनेमांचं संगीत कुणाकडून तरी भरून मला दिलं होतं. कव्हर नाही, वर निळ्या पेनानं नुसतं नाव. आमच्या सगळ्या पट्ट्यात तशी कॅसेट माझ्याचकडं होती. मी ती रोज ऐकायचो. त्यातली मुख्य धून अशी चपळ, उसळती होती की ऐकताना पाय आपोआप हलायचा. थेटरात तीच धून ऐकली की मला ती रडतराऊत वाटायची. त्यावर माझं शास्त्रीय उत्तर तयार होतं. बारामतीत व्होल्टेज कमी, त्यामुळं थेटराचं मशीन हळू चालतं. हे मी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी मला ते दुसऱ्याच कुणाकडून तरी ऐकायला मिळालं.

आता लग्नाकडं येतो.

आमच्या चुलतभावाचं, म्हणजे तात्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्या भावकीत प्रत्येक लग्नाला कळसच्या एका मास्तरांचा बँड वाजायचा. मास्तर म्हणजे बँडमास्तर, क्लॅरिनेट वाजवणारे. माझ्या वडिलांच्या लग्नात ते आपल्या बापाच्या शेजारी उभे राहून झांजा वाजवत होते म्हणे. तारीख धरली की तात्यांनी नारळ-सुपारी पाठवायची आणि मास्तरांनी ती कपाळाला लावायची, एवढाच व्यवहार. मास्तरांना कुणी बँडवाला म्हणत नसे, आमच्या घरचा बँड म्हणत. आणि आमच्या घरचा म्हणूनच आसपासची चार-पाच घरंही त्यांनाच बोलवायची.

पण नवरदेव माझ्याच वयाचा, माझ्याच संगतीत बिघडलेला. त्याला परण्याला ती सिनेमाची धून हवी होती. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाला की सगळ्या गावासमोर ती वाजली पाहिजे. इंदापूरला तेव्हा एक नवी पार्टी निघाली होती, गाड्यावर कीबोर्ड आणि वर कर्णे. त्यांना ही धून येते असं त्यानं ऐकलं होतं. येणारच, कारण ते माझ्याकडून कॅसेट मागून घेऊन गेले होते. मास्तरांना मी कॅसेट दिली नाही. त्यांनी मागितली नाही हे खरं, पण मीही म्हटलं नाही. त्यांच्याकडं टेप कुठला असणार, असं मी मनात धरलं आणि विषय संपवला.

तात्यांना घरचा बँड मोडायचा नव्हता, आणि पोराचं मनही मोडायचं नव्हतं. त्यांनी पुढाऱ्यासारखा मधला मार्ग काढला. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ह्येला त्यातलं कळतं. दोघांचंबी ऐकू. ह्यो सांगंल त्येला सुपारी."

इंदापूरची पार्टी सकाळी येऊन वाजवून गेली. कॅसेटसारखीच वाजवली. मी आठ दिले. दुपारी मास्तर आले, सोबत ट्रंपेटवाला आणि ड्रमवाला. खळ्यावर सतरंजी टाकली होती. मी मधोमध खुर्चीवर, मांडीवर वही, पायाशी तात्यांचा टेप. माझ्याहून तिपटीनं मोठी माणसं उभी आणि मी बसलेला. ते चित्र आठवलं की आजही मान खाली जाते.

मास्तरांनी पान थुंकून चूळ भरली आणि म्हणाले, "चार येळा जाऊन बसलो थेटरात. डोळं झाकून. ती चित्रं बघितली की सूर निसटतो." मग त्यांनी धून सुरू केली.

त्यांनी ती सावकाश घेतली. रुंद. एकेक सूर पुरता लांबवून मग दुसऱ्याला हात घातला. ओट्यावर शेंगा फोडणाऱ्या बायका थांबल्या. तात्यांनी डोळे मिटले. आणि मला ती आवडली. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय. मला छातीत काहीतरी भरून आल्यासारखं झालं आणि त्याचा मला रागच आला, कारण ती माझ्या कॅसेटसारखी नव्हती.

धून संपायच्या आत मी हात वर केला. "मास्तर, चुकतंय," मी म्हणालो. "हे ऐका." आणि टेपचं बटण दाबलं.

मास्तर पुढं वाकून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "पुन्यांदा लावता का?" मी लावलं. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावून हळूच एक सूर काढला, टेपच्या सुराशी ताडून बघितला आणि म्हणाले, "ही चढलीया. ह्यो टेप पळतुया, दादा."

"टेप जपानी आहे, मास्तर," मी म्हणालो. सगळे हसले.

"तसं न्हाय. थेटरात हितक्या वर न्हवतं."

"थेटरात मशीन हळू चालतं. व्होल्टेज नसतं."

मास्तरांनी जरा विचार केला. "पर मग मानसं कशी नीट बोलत्यात? मशीन हळू आसंल तर मानसंबी घोगरी बोलाया पायजेत की."

इतकं साधं होतं ते. सायन्सच्या पोराला सुचायला हवं होतं, सुचलं बँडमास्तरला. आणि तेव्हाही मी थांबलो नाही. बोलणं वेगळं भरतात, संगीत वेगळं भरतात, डबिंग नावाचं एक शास्त्र असतं, असं काहीतरी दडपून दिलं. त्यात इंग्रजी शब्द इतके होते की तात्यांची मान हलायला लागली. मग मी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "दहापैकी चार."

"चार म्हंजी पास का नापास?" मास्तरांनी खरंच विचारलं.

"पास," मी म्हणालो. "काठावर." पुन्हा सगळे हसले. मास्तरही थोडे हसले. त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, फडक्यानं एकेक पुसला आणि पेटीत ठेवला. तात्यांनी त्यांना जेवून जा म्हटलं, ते जेवून गेले. सुपारी इंदापूरला गेली.

लग्नाला मास्तर आले. फेटा बांधून, आहेर घेऊन, पाव्हण्यांसारखे मागच्या पंगतीला बसले. वाजवायचं नसेल तेव्हा लग्नात हात कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं, कधी गुडघ्यावर ठेवत, कधी घडी घालत. पुढच्या हंगामात ती चार-पाच घरंही इंदापूरला वळली. आमच्या घरानंच बँड बदलला म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार?

दोनेक वर्षांनी बारामतीच्या कॅसेटच्या दुकानात त्या संगीताची छापील, कंपनीची कॅसेट आली. मी घेतली. घरी लावली तर धून सावकाश. रुंद. मी म्हटलं, ही बिघडलेली आहे, आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेलो. दुकानदारानं ती त्याच्या मोठ्या डेकवर लावली, तशीच वाजली. मग त्यानं माझी जुनी कॅसेट मागितली, जी मी पुरावा म्हणून खिशात घालून नेली होती. दोन मिनिटं ऐकून तो म्हणाला, "ही ज्या टेपवर भरली ना, तो ढिला असणार. हळू फिरत असला की भरताना कळत नाही. दुसरीकडं लावली की पळते. तुम्हाला एवढ्या दिवसांत कळलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. दुकानाच्या पायऱ्या उतरताना माझे कान तापले होते. मला खळं दिसत होतं, सतरंजी दिसत होती, आणि ते वाकून ऐकणारं डोकं. टेप पळतुया, दादा. त्या माणसानं दोनदा ऐकून सांगितलं होतं.

सणसरहून कळस काही लांब नाही. सायकलवरही जाता आलं असतं. मी वही फाडली, बंबात घातली, आणि तेवढ्यानं काही केल्यासारखं वाटून घेतलं. जायचं ठरवलं की परीक्षा यायची, परीक्षा नसली की शेताला पाणी धरायचं असायचं. खरी गोष्ट एवढीच होती की मला त्यांच्यासमोर उभं राहायची भीती वाटत होती. असं वर्ष गेलं.

मग एका मे महिन्यात पळसदेवला एका मित्राच्या बहिणीच्या लग्नाला गेलो. धरणाचं पाणी उतरलं होतं, जुनं देऊळ उघडं पडलं होतं, अर्धं वऱ्हाड तिकडंच बघायला गेलेलं. मी मांडवात बसलो होतो आणि वेशीकडून ती धून ऐकू आली. चपळ, उसळती. शेवटच्या वळणावरच्या घाईसकट हुबेहूब माझी जुनी कॅसेट.

मी उठून पुढं गेलो. मास्तर होते. चौघंच उरले होते, गणवेशाचे डगले दोघांच्याच अंगावर. मास्तरांच्या गळ्याच्या शिरा टरटरून फुगल्या होत्या. त्या वयात त्या गतीला श्वास पुरत नव्हता, पण एक सूर इकडचा तिकडं होत नव्हता. परण्या थांबल्यावर त्यांनी मला ओळखलं. क्लॅरिनेट काखेत धरून जवळ आले.

"आलं का आता बराबर?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या काखेतल्या क्लॅरिनेटकडं बघत राहिलो. त्यांना वाटलं मी अजून पारखतोय.

"तवा मला वाटलं हुतं टेपच पळतुया," ते म्हणाले. "पर तुमी शिकल्यालं मानूस. म्हनलं, आपलाच कान गेला आसंल. मग त्या इंदापूरवाल्यांच्या मागं उभा ऱ्हाऊन ऐकली, पळवून बसिवली. सा म्हयनं लागलं. आता कुठलाबी सूर लावायचा म्हनलं की आदी ह्या ट्रंपेटवाल्याला इचारतो, बराबर हाय का रं. सोताच्या कानावर इसवास न्हाय ऱ्हायला."

हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मास्तर, तुमचा कान बरोबर होता, टेपच पळत होता. मी ते मनात जुळवलं सुद्धा. पण मांडवातली माणसं बघत होती, ट्रंपेटवाला बघत होता, आणि मास्तर माझ्या तोंडाकडं बघत होते, खळ्यावर चार म्हणजे पास का नापास विचारताना बघितलं होतं तसेच.

"बरोबर आलं, मास्तर," मी म्हणालो. "दहापैकी दहा."

त्यांचा चेहरा उजळला. ते वळून आपल्या माणसांना म्हणाले, "धा दिलं रं." आणि माझ्या मानाखातर त्यांनी तीच धून पुन्हा घेतली, आधीपेक्षाही जोरात पळवून.