माझ्या सहीनं बुजलेलं तळं

आमच्या दादरच्या चाळीतल्या चौदा कुटुंबांनी मिळून बोरिवलीला जागा घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. नकाशे काढणं हेच माझं पोट. ती नोकरी मला शेजारच्या खोलीतल्या काकांनी लावून दिली होती. नात्याचे नव्हेत, पण वडील गेले त्या वर्षी माझ्या शाळेच्या पुस्तकांपासून आईच्या औषधापर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. सोसायटीचे चेअरमनही तेच. आमची काही सभासद व्हायची ऐपत नव्हती. तरी काकांनी मला हाक मारली.

"वसाहतीचा नकाशा तू काढायचास. बाहेरचा माणूस नको मला."

मला आभाळ ठेंगणं झालं.

पहिल्यांदा जागा पाहायला गेलो ते भाद्रपद संपता संपता. स्टेशनपासून पूर्वेला डोंगराच्या दिशेनं अर्धा तास चालत गेलं की भातखाचरं, मग चिंचेची पाच-सहा झाडं, आणि त्यांच्या पलीकडे तळं. डोंगरातून उतरणारा एक ओहोळ त्या तळ्यात येई आणि दुसऱ्या अंगानं बाहेर पडून खाडीकडे जाई. काका म्हणाले, "भराव घालून सपाट केलं की झालं." मी म्हटलं, "काका, भराव कशाला? पाण्याला वाट आहे तशी राहू दे. रस्ते उताराच्या कडेनं फिरवू. तळ्याभोवती बाग ठेवू. कुठल्याही घरातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत झाडाखाली."

ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झकास! अशी वसाहत अख्ख्या उपनगरात नसेल बघ."

पुढचे सहा महिने माझा एकही रविवार घरी गेला नाही. कचेरीतून लेव्हलचं यंत्र मागून आणायचो, खाचरांतून फिरून उतार मोजायचो. न्हाणीचं पाणी गटारात न सोडता केळींच्या पट्ट्यात कसं सोडायचं, कुठलं झाड कुठल्या घरावर दुपारची सावली टाकेल, हे सगळं कागदावर उतरवलं. शेवटी ट्रेसिंगच्या कापडावर पक्की शाई फिरवली आणि कोपऱ्यात सही केली. त्याच्या छापील प्रतीवर तळ्याभोवतीचा भाग मी हिरव्या रंगानं स्वतः भरला. आईनं तो नकाशा भिंतीला टेकवून कितीतरी वेळ पाहिला होता.

एकच अडचण होती. तळ्याकाठची जमीन एका म्हातारीची होती आणि ती विकायला तयार नव्हती. नवरा नाही, मूलबाळ नाही. दोन म्हशी आणि तळं. काका दोनदा जाऊन हात हलवत परत आले. मग म्हणाले, "तू जा. तुझ्या बोलण्यात खरेपणा आहे."

मी तिच्या ओट्यावर नकाशा पसरला. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून तळ्याच्या कडेनं फिरवलं.

"ह्ये माझं तळं?"

"हो आजी. हे असंच राहणार. म्हशी आणा, धुणं आणा, कोणी अडवणार नाही."

"कोन सांगतंय? तुझा तो शेठ?"

"मी सांगतोय."

तिनं मला नीट पाहून घेतलं. "तू सांगतोस म्हनून देते," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिनं अंगठा उठवला.

त्यानंतर कचेरीनं मला चार महिन्यांसाठी रत्नागिरीकडे मोजणीच्या कामावर पाठवलं. ट्रेसिंगचं कापड पत्र्याच्या नळकांड्यात घालून मी काकांच्या स्वाधीन केलं. तिकडे आईची पत्रं येत. चाळीतलं सगळं असे त्यात, बोरिवलीचं काही नसे.

परत आलो त्याच रविवारी जागेवर गेलो. चिंचा नव्हत्या. तळ्यात मुरमाचे ट्रक रिकामे होत होते. अर्धं तळं भरलं होतं, उरलेलं लाल झालं होतं. मी धावत मुकादमाला गाठलं. "कोणाच्या हुकुमानं चाललंय हे?"

त्यानं खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. मंजूर झालेला. तळ्याच्या जागी पाच प्लॉट, ओहोळाच्या जागी सरळ रस्ता, आणि कोपऱ्यात माझी सही.

तसाच चाळीत आलो. काका गॅलरीत आरामखुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात नळकांडं होतं. मी कापड बाहेर काढलं, उजेडात धरलं. शाई ब्लेडनं खरवडली की कापड तिथं खरखरीत होतं. तळ्याचा सगळा आकार बोटाला लागत होता.

"कोणी केलं हे?"

"अरे, सभासदच ऐकेनात. प्लॉट वाढवा म्हणाले. तू इथं नव्हतास."

"मग नवा नकाशा काढायचा. त्यावर दुसऱ्याची सही घ्यायची."

"पुन्हा पहिल्यापासून कोण करत बसणार? तुझ्या नकाशाला कचेरीत कोणी हरकत घेत नाही." त्यांनी पेपरची घडी घातली. "आणि तुला विसरलो नाही मी. त्यातला एक प्लॉट तुमचा आहे. हप्त्यांचंही मी बघून घेतलंय. तुझ्या आईनं अर्जावर सही केलीय."

मी वळून पाहिलं. आई आमच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिला त्यातलं काहीच नवीन नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं," ती म्हणाली. "तेच म्हणाले, पत्रात कळवू नका, त्याचं कामात लक्ष लागणार नाही."

"आई, मी त्या बाईला शब्द दिला होता गं."

"आणि मी वीस वर्षं नळावर रांगेत उभी आहे, त्याचं काय? तुझ्या शब्दावर छप्पर घालता येतं का?"

काकांवर मला रागावता आलं; आईवर रागावलो की तिचे भेगाळलेले हात दिसत.

मी वरिष्ठांकडे लेखी तक्रार घेऊन गेलो. त्यांनी वाचली, नकाशा पाहिला आणि विचारलं, "सही तुमचीच ना?" मी हो म्हटलं. "खाडाखोड दुसऱ्यानं केली हे कसं दाखवणार? तुमच्या आईच्या नावे तिथं प्लॉट दिसतोय." त्यांनी कागद परत केला.

म्हातारीकडे जायला मला पंधरा दिवस लागले. तिनं एक म्हैस विकली होती, दुसरीला ती कसल्याशा डबक्यावर नेत होती. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "घर कंदी बांधतोस?"

मी म्हशीच्या वाटेतून बाजूला सरलो.

"मुकादम सांगत व्हता, तळ्यातला येक तुकडा तुजा हाय म्हनून." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला लग्न कधी करतोस म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं होतं. "आजी, मला माहीत नव्हतं," एवढं मी म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि म्हशीला हाकत पुढे गेली. तिचा विश्वास बसला नाही, आणि मी तिच्या जागी असतो तर माझाही बसला नसता.

आम्ही घर बांधलं. मी नको म्हणत होतो, पण आईपुढे टिकलो नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात ओहोळ जुन्या वाटेनं आला आणि पाचही घरांत घोट्याएवढं पाणी शिरलं. काका धोतर वर खोचून आमच्याकडे आले. त्यांचंही घर त्या पाचांतच होतं.

"काय करावं रे?"

"पाण्याला वाट द्यावी लागेल. ती तुमच्या अंगणातून जाते."

"दुसरीकडून नाही का काढता येत?"

"नाही."

आईनं आतून त्यांना चहा विचारला. तो घेऊन ते गेले. अंगण त्यांनी दिलं नाही. दर पावसाळ्यात आम्ही सगळे भांडीकुंडी फळीवर चढवत राहिलो, आणि आई माझ्याकडे न बघता पाणी उपसत राहिली.