खुर्चीच्या टोकावर

आमच्या बोरिवलीच्या मैदानावर खो-खो शिकवणारा हा माणूस आता संघटनेचा सचिव झालाय. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आला, स्टेजवर खुर्ची मिळाली. पण बसतो मात्र टोकावर, टाचा उचलून, जणू मागून कुणीतरी आत्ता खो देणार आहे.

परवा फायनलला प्रमुख पाहुण्यांचं भाषण काही संपेना. वॉर्मअप करून उभ्या असलेल्या मुली पार गार पडल्या. हा उठला, पंचांची शिट्टी घेतली आणि थेट माइकवर फुंकली. मुली मैदानात धावल्या, पाहुणे तणतणत गाडीत जाऊन बसले.

"वाट लागली यार! खुर्ची गेली तुझी," मी म्हटलं.

"जाऊ दे रे," म्हणत तो मैदानाच्या कडेला मातीत उकिडवा बसला. सचिव झाल्यापासून पहिल्यांदाच तो नीट बसलेला दिसला.