अण्णांनी घातलेली कव्हरं

अण्णा गेल्याची बातमी मला शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत कळली. मिरजेला ऑपरेशन नीट झालं होतं म्हणे, आणि पहाटे छातीत कळ आली... मी डबा तसाच मिटला. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी भीती वाटली. आता दुकानाचं काय होणार? मी जात्याच भित्री, पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी.

अण्णा मूळचे साताऱ्याचे. सांगलीत गणपती पेठेजवळच्या बोळात त्यांचं पुस्तकांचं दुकान. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. विकलेल्या प्रत्येक पुस्तकाला ते खाकी कागदाचं कव्हर घालून देत. वर ना पुस्तकाचं नाव, ना गिऱ्हाइकाचं. "कोन काय वाचतं, ते त्याचं त्याला ठावं," म्हणत.

आणीबाणीत याच सवयीनं आमच्या तोंडचं पाणी पळवलं. तुरुंगातल्या एका पुढाऱ्याची, चोरून छापलेली पुस्तिका अण्णांनी माझ्यासाठी ठेवली होती. घरी येऊन, दाराला कडी लावून उघडते तर आत लोणच्यांच्या कृती! तशीच चपला अडकवून दुकानाकडे धावले. अण्णांनी कपाळाला हात लावला. लोणच्यांचं पुस्तक फौजदारांच्या बायकोनं मागवलं होतं, आणि त्या मघाशीच येऊन 'आपलं' पुस्तक घेऊन गेल्या होत्या.

"अण्णा, दुकान बंद करा, साताऱ्याला बहिणीकडे जा," मी म्हटलं.

"आवं बाई, बंद केलं की लोकांस्नी कळंल, कायतरी हाय म्हनून. तुमी घरला जावा. तुमचं नाव या तोंडातनं यायचं न्हाई." बोलताना त्यांच्या हातून कागदाची घडी पडत नव्हती.

पुढचे दिवस कसे काढले, माझं मला माहीत. बाहेर बूट वाजले की मी दाराची कडी पुन्हा बघायचे. रोज शाळा सुटल्यावर दुकान उघडं आहे ना, ते लांबूनच बघून यायचे. एके दिवशी धीर करून आत गेले, आणि पाठोपाठ फौजदारीणबाई! मी कपाटाला चिकटून उभी. त्यांनी पिशवीतून ती पुस्तिका काढून अण्णांपुढे ठेवली, बाहेर एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "अण्णा, याचा पुढचा भाग आला का हो?"

अण्णा मटकन स्टुलावर बसले.

पुस्तकं काय, पुण्याहूनही मागवता येतात. पण आपण काय वाचतो हे पोटात ठेवणारा माणूस गावात असावा लागतो. तो असतो तो अशाच दुकानात, आणि आपण पायरी चढलो तरच ते दुकान टिकतं.

आता गल्ल्यावर अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बसतात. दुकानात गिऱ्हाईक दिसेनासं झालं की घरमालक तिथं चपलांचं दुकान घालणार आहे म्हणे. परवा मी एक पुस्तक घेतलं. वहिनी अण्णांसारखंच कव्हर घालायला बसल्या. कोपरे वाकडे येत होते, पुन्हा पुन्हा उलगडत होत्या. इतक्यात दारात सावली पडली. घरमालकाचा माणूस टेप लावून दरवाजाची रुंदी मोजत होता. वहिनींच्या हातून कागदाची घडीच पडेना, अगदी अण्णांसारखी.

मलाही वाटलं, हळूच पायरी उतरून घरी जावं...

"वहिनी," मी दारातल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आणखी एक द्या. त्यालाही कव्हर घाला. मी थांबते."