लाल पापड

मी सुमनच्या थोबाडीत मारली, तेव्हा गल्लीतल्या आठ-नऊ बाया माझ्या ओसरीत मुगाचे पापड लाटत बसल्या होत्या. सुमन माझी थोरली सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

माघाचं कोवळं ऊन होतं. पहिला पापड मी निखाऱ्यावर भाजून पाहिला, तर तो लाल झाला. विटाळशीची सावली पडली की पापड लाल होतो, असं आम्ही मानायचो. शेजारची गंगूबाई हसत म्हणाली, "घरातलंच कुणीतरी लपवायलंय, बघा!" सगळ्यांनी सुमनकडं पाहिलं.

"आत्याबाई, तुमची शपथ, माझी पाळी अजून लय लांब हाय."

"चारचौघींत तोंड वर करून बोलतीस?" म्हणत मी हात उचलला. मग तिला गोठ्यात नेऊन बसवलं.

बाया गेल्यावर पापडखाराची पुडी पाहिली, तर रिकामी. पीठ भिजवताना गंगूबाईशी बोलायच्या नादात मी खार दोनदा टाकला होता. खार जास्त झाला तरी पापड लाल होतो, हे मला आईनं शिकवलेलं होतं. तरी मी पुडी चुलीत टाकली आणि गप्प बसले. चार बायांत माझंच हसू झालं असतं.

आज नातीनं संध्याकाळच्या खाण्याला पापड भाजला. त्या वासानं मला तिथं बसवेना.

सुमनला हे मी अजून सांगितलेलं नाही. त्या थंडीत गोठ्यात चार रात्री ती एकटी राहिली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.