आमच्या मालकांची समाधी

"बाई, ही सिद्धी नाही, आजार आहे," नगरचे डॉक्टर म्हणाले. "सायकोसिस. म्हणजे खरं कुठलं नि भास कुठला, हे मनाला कळेनासं होतं. तुमच्या मिस्टरांना इथं ठेवावं लागेल."

"कशावरून?" मी विचारलं. एवढ्या लवकर यांना कळलं कसं? महाराजांच्या बोलण्यानं पोळलेली बाई मी, डॉक्टरवर तरी विश्वास का ठेवू?

आमचे मालक कर्जतला शिंपीकाम करायचे. दुष्काळ पडला, नवे कपडे कोण शिवणार? मशीन बंद पडलं. त्यातच देवळात एक महाराज ध्यान शिकवायला आले. मालक बसू लागले. सुरुवातीला बरंच वाटलं हो! चिडचिड कमी झाली, विडी सुटली. मग पहाटेचं बसणं दिवसभर चालायला लागलं. जेवण तुटलं, झोप उडाली. कपाळात उजेड दिसतो म्हणायचे, कानात कुणीतरी बोलतं म्हणायचे.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. महाराजांना विचारलं, तर म्हणाले, "घरचे अडवतील. तीच साधकाची परीक्षा." घ्या! म्हणजे मी तोंड उघडलं की मीच आडकाठी. मालक पोरांकडं बघेनात, माझ्या हातचं पाणीसुद्धा हुंगून पिऊ लागले.

गावाला मात्र काय उधाण आलं! बाया सासूबाईंच्या पाया पडायच्या. सासूबाई मला म्हणायच्या, "तुला काय कळतंय त्यातलं? माझ्या पोराच्या तोंडावर तेज हाय." तेज कसलं डोंबलाचं, गालफडं बसली होती.

एके दिवशी मालकांनी सांगितलं, येत्या अमावस्येला जिवंत समाधी घेणार. मला वाटलं, आता तरी लोक शुद्धीवर येतील. छे! दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली माणसं कुदळी-घमेली घेऊन आमच्या परसात खड्डा खणायला लागली. माझा सख्खा दीर सगळ्यांच्या पुढं. "भाऊजी, भाऊ हाय तुमचा!" मी ओरडले. तो रडत रडत म्हणाला, "वयनी, देवाचं काम हाय, मी कोन अडवनार?" पण कुदळ काही खाली ठेवली नाही.

महाराजांना शोधायला गेले, तर ते केव्हाच दुसऱ्या गावाला निघून गेलेले. मग मी सरळ खोटं बोलले. "म्हाराज नगरला आल्यात, तुमाला बोलावलंय," असं मालकांना सांगितलं नि एस.टी.त बसवलं.

दवाखान्यात ठेवलं खरं, पण मी प्रत्येक गोळी उलटसुलट करून बघायची. कशाची आहे, किती दिवस द्यायची? नर्सबाई वैतागल्या. मालक नुसते पडून असायचे, लाळ गळायची, हात थरथरायचे. हे लोक तरी माझ्या माणसाचं काय करताहेत, म्हणून डॉक्टरांशी भांडले. ते चिडले नाहीत. गोळी कमी केली नि म्हणाले, "बाई, असंच विचारत राहा. ध्यान वाईट नाही, पण सगळ्यांना सोसत नाही. झोप उडाली, अन्न तुटलं, नसलेले आवाज ऐकू आले, की बसणं बंद करून डॉक्टर गाठायचा." विचारल्यावर न रागावणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

एका सकाळी मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरं कुणापाशी ठिवलीस गं?" मी व्हरांड्यात जाऊन ढसाढसा रडले.

आता मशीन पुन्हा चालू झालंय. गोळी माझ्यासमोर घ्यायची, असा नियम आहे. गिळली का ते मी तोंड उघडायला लावून बघते. खुशाल हसा. तुमच्या घरात कुणी असं बसत असेल, तर गाव काय म्हणतं ते ऐकू नका, ताटात काय उरलंय ते बघा.

परवा मिरजगावकडून एक म्हातारा आला. त्याचा मुलगाही डोळे मिटून बसतो म्हणे. "लई पुढं गेलंय पोरगं," तो कौतुकानं सांगत होता.

"झोपतंय का?" मी विचारलं. "जेवतंय का?"

म्हातारा दारातच खाली बसला.

मालक मशीनवरून उठले, टोपी घातली. "चला बाबा. त्याला जे दिसतंय, ते मी बघून आलोय. माझं ऐकंल तो."

खरं सांगते, त्या घडीला मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता. पण भरवसा? छे. तिथं जाऊन हेच पुन्हा मांडी घालून बसले म्हणजे? मी तव्यावरची भाकरी उतरवली, दाराला कडी घातली नि त्यांच्या मागोमाग निघाले.