सेट वाजला अन् गल्ली रस्त्यावर आली

सगळ्यात आधी शेजारच्या शोभाबाईच आल्या, अनवाणी, हातात उलथनं तसंच. माझ्याच दारात मला म्हणतात, "आजी, वयाचं तरी काही वाटू द्या."

बायांनो, झालं असं. भूकंपात आमचं निलंग्याकडचं घर पडलं, तेव्हा ह्यांचा रेकॉर्ड प्लेअर अन् दोन स्पीकर दगडाखालून धड निघाले. अँप्लिफायरचा चेंदामेंदा झाला. तेव्हापासून सेट मुका. हे गेले, तरी मुकाच. आज लेकानं नांदेडहून तसलाच जुना अँप्लिफायर आणून जोडला. मला इतका आनंद झाला की आवाजाचं बटण मीच फिरवलं, जरा जास्तच.

तबला असा घुमला की मांडणीवरची भांडी वाजाया लागली. अन् भूकंपापासून आमच्याकडं भांडी वाजली की माणूस विचार करत न्हाई, पळतो. गल्ली पळाली. खरं सांगते, मीबी पळाले.

शोभाबाई क्लासच्या पोरींना खोल्या देतात. म्हणाल्या, "पोरींचा अभ्यास हाय. तो डबा उद्याच्या उद्या भंगारात द्या." डबा! माझं डोकंच फिरलं. ह्या पोरींसाठी मी कुकरची शिट्टीबी दाबून धरते, अजून काय करू?

तेवढ्यात त्यांच्याच खोल्यांतल्या दोन पोरी खाली आल्या. भूकंपानंतर जन्मलेल्या, त्या पळाल्याच नव्हत्या. "आजी, परत लावा ना, हळू."

शोभाबाईंच्या डोळ्यांदेखत लावला. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

स्पीकर मांडणीपासून लांब सरकवलेत. पोरी रविवारी टेस्ट झाली की येतो म्हणून गेल्यात.