टेकूवरची गॅलरी

गॅलरी खाली गेली तेव्हा मी उंबऱ्याच्या आत होते आणि माझ्या हातात सासूचा पदर होता. लुगडं टर्रकन फाटलं. हातात चिंधी राहिली, दारापुढे नुसतं आभाळ.

आमची चाळ लालबागची. मालकाने वरच्या मजल्याची गॅलरी दुरुस्तीला काढली होती. कंत्राटदाराने कुजलेल्या तुळया काढल्या, खालून लाकडी टेकू दिले आणि काम थांबलं. तो म्हणाला, संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांमुळे कामगार आले नाहीत. मालक म्हणाला, काम त्याआधीच रखडलं होतं. दोघे कोर्टात गेले. दोघांनी आपापला इंजिनियर आणला; ज्याचा तो त्याच्याच बाजूने बोलला. मग कोर्टाने तिसरा नेमला. त्याची पाहणी होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. आम्ही मात्र पाण्याला त्याच गॅलरीतून जात होतो. नळ टोकाला होता.

तिसरा इंजिनियर वयस्क होता. वर आला, वाकून टेकू बघितले आणि म्हणाला, "इथे गर्दी करू नका. दोघांच्या वर नको." मग दाराबाहेर बसलेल्या सासूला विचारलं, "आजी, सुतार यायचे कधी बंद झाले?"

सासू मालवणची. "शिमग्यापासून येक सुतार दिसाक नाय. हरताळ मागसून इले, साहेबानू."

शेजारचा जॉबर, गिरणीतला मुकादम, बाहेर आला. "म्हणजे तो कंत्राटदार हरताळावर ढकलतो?"

"मगे काय तुझ्या बापाशीर ढकलतलो?"

जॉबरच मोठ्याने हसला. पण कंत्राटदार हरताळावर ढकलतो, हा शब्द खोलीखोलीत गेला. हरताळाला कुणी नावं ठेवली आणि आपण घरात बसलो, तर चाळीत तोंड दाखवायला जागा नसायची. सगळी दारं उघडली. पोळ्या लाटणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी आल्या.

"साहेब, आमची पण साक्ष लिहा!"

"आत व्हा! एकेक बोला!" इंजिनियर ओरडत होता.

आपलं बोलणं गर्दीत बुडतंय म्हणून सासू उठून पुढे सरकली. मी मागून पदर धरला.

इंजिनियरने इस्पितळातल्या खाटेवरून अहवाल दिला. उशीर हरताळाचा नव्हता. कंत्राटदाराने नव्या तुळया मागवल्याच नव्हत्या. कोर्टाने ते मानलं. चाळीत पेढे वाटले. मी घेतले नाहीत.

इंजिनियर वाचला, पुढे काठी घेऊन चालायचा. जॉबर वाचला. मी वाचले. सासू गेली.